शुद्धिपत्र

मसुदा इंग्रजीत आला, चौदा पानांचा.
मला फक्त मराठी करायचं होतं.
समुद्रात काय, किती, कुठे
आणि कोणाच्या सहीने टाकावं, याचे नियम.

पहिल्याच ओळीत अडलो.
'विसर्जन' लिहिलं, दाबके बाईंनी खोडलं.
म्हणाल्या, विसर्जन देवाचं, अस्थींचं.
हा गोदीतला गाळ आहे.
'टाकणे' लिहिलं, तर ते फार घरगुती,
मोरीत उष्टं टाकल्यासारखं.
शेवटी 'विल्हेवाट' ठरलं.
त्यात निदान एक वाट होती,
खांदेरीचा दिवा डावीकडे ठेवून
बाहेर जाणारी.

परिशिष्ट दोन. ठिकाण क्रमांक तीन.
अंश, मिनिटं, सेकंद. खोली बावीस मीटर.
आकड्यांना भाषांतर लागत नाही,
ते पान मी तसंच ठेवणार होतो.

पण शनिवारी माहुलला गेलो,
दोनचार शब्द विचारायला.
पोशा वैती डोल विणत बसले होते, पायाच्या अंगठ्यात दोरी अडकवून.
कागद त्यांनी हातात घेतला नाही.
नातीने आकडे मोबाईलमध्ये घातले
आणि निळ्यावर एक लाल टाचणी उभी राहिली.

म्हातारा टाचणीकडे बघत राहिला.
"यो तं म्हातारीचा खलगा."
कुठली म्हातारी?
"माज्या आज्यालाबी ठाव नव्हती.
थंडीत घोल येते तिथं निजाला.
वल्ह्याला कान लावा, खालून बोलते.
मंग गाल कशाला टाकता तिच्यावर?"

मला खरंच गाल ऐकू आला.
पाण्याखाली कुशीवर झोपलेली कोणी एक म्हातारी,
आणि तिच्या वरच्या गालावर
रोजचे बत्तीसशे घनमीटर.
पुलाखालून परतताना रिक्षात लक्षात आलं
की त्यांच्या बोलीत ळ नाही.

सोमवारी मी तळटीप घातली:
ठिकाण क्रमांक तीन यास स्थानिक मच्छीमार
म्हातारीचा खळगा म्हणतात.
दाबके बाई वाईट नाहीत.
त्यांनी चष्मा पुसून ती दोनदा वाचली.
मग विचारलं, मुळात आहे का हे?
नाही.
मग भाषांतरात कुठून आलं?

हरकतींसाठी तीस दिवस होते.
पोशांची हरकत अठ्ठाविसाव्या दिवशी आली,
नातीच्या अक्षरात, दोन प्रतींत, अंगठ्यासकट.
तिच्यात म्हातारीचा खळगा चार वेळा होता,
क्रमांक एकदाही नव्हता.
शेरा पडला: नमूद केलेले स्थळ
परिशिष्टात आढळून येत नाही.
दप्तरी दाखल.

राजपत्र निघालं, आणि सहाव्या पानावर
गाळाच्या जागी 'गाल' छापला गेला.
बोटं माझीच होती.
मुद्दाम केलं का, हे बायकोनेही विचारलं,
मला अजून नीट सांगता येत नाही.
अकरा दिवस मुंबईच्या समुद्रात
कायद्याने फक्त गाल टाकता येत होते,
विहित नमुन्यात अर्ज करून, भरतीची वेळ सोडून.
कार्यालयात सगळे हसले. मीही.

बार्ज मात्र एक रात्रही थांबला नाही.
त्याचा परवाना इंग्रजीत होता.

बाराव्या दिवशी शुद्धिपत्र आलं, अर्ध्या पानाचं.
पृष्ठ सहा, ओळ चौदा,
'गाल' ऐवजी 'गाळ' असे वाचावे.

वाचलं, मोठ्याने, रिकाम्या विभागात, डबा उघडण्याआधी.
ळ म्हणताना जीभ उलटी वळते,
क्षणभर वर टेकते
आणि भार सोडून
खाली येते,
रिकाम्या बार्जसारखी, गोदीकडे तोंड करून.