नग अकरा

वॉरंटावर नाव होतं
दिगंबर तुकाराम लोखंडे ऊर्फ शेवंती,
राहणार राबोडी,
तीन हात नाक्यावरची मारामारी.
लिंगाचा रकाना एवढा अरुंद
की त्यात एकच अक्षर मावतं.
स्त्री हेसुद्धा एकच अक्षर आहे, जोडाक्षर,
हे मला त्या दिवशी कळलं.
कोर्टाने पु लिहिलं होतं.
मी नक्कल केली.
ठाण्याच्या जेलच्या गेटवर बत्तीस वर्षं मी नक्कलच केली.

मग झडती.
घोडविंदे हवालदार म्हणाला, मी हात लावणार नाही.
महिला विभागातून रंजना केणी आली,
दारातूनच म्हणाली, कागद पुरुषाचा आहे,
उद्या माझीच चौकशी लागायची.
दोघं दोन भिंतींना टेकून.
मधे ती, खांद्याला पदर पिन केलेला.
(पिनही जमा करायची असते.)
म्हणाली, आधी ठरवा कुणी बघायचं,
मग मी काय ते दाखवते.

बायकांच्या बराकीत काच चालते,
पुरुषांच्या चालत नाही.
हे कुठे लिहिलंय ते मी कधी शोधलं नाही.
घोडविंदेने बोट केलं दगडी उंबरठ्याकडे.
फोडू नका, ती म्हणाली, साबण द्या.
नळावर एक चिपटी होती.
एकेक करून उतरवल्या, हिरव्या,
डाव्या हातातली शेवटची अडकली आणि
कट्.
माझ्या तोंडून गेलं, वाढली.
आई म्हणायची तसं. फुटली म्हणू नये.
तिने वर पाहिलं.
त्या संध्याकाळी बाईशी बोलावं तसं
तिच्याशी बोललेला तो एक शब्द,
तोही चुकून.

रजिस्टरात लिहिलं:
काचेच्या बांगड्या, हिरव्या, नग अकरा.

ठेवायचं कुठे?
परिपत्रक आहे, साहेब म्हणाले, स्वतंत्र जागा द्यायची.
परिपत्रक फायलीत होतं, फाईल कपाटात,
कपाटाला जागा होती.
हा किल्ला बांधणाऱ्यांनी
तोफेलासुद्धा स्वतंत्र जागा ठेवली होती.

पहिली रात्र चार नंबर बराक.
त्या रात्रीचं मला विचारू नका.
गेटपर्यंत आवाज येत नाही,
असं आम्ही सगळेच सांगतो.

सकाळी तिला हलवलं
दवाखान्यामागच्या कोठीत.
फिनेलचे डबे, मोडकं स्ट्रेचर,
झरोक्यातून खाडीचा वास, खाडी नाही.
कारण: सुरक्षा.
तेवीस तास कुलूप तिला,
आणि चार नंबरवाले अंगणात कॅरम खेळत होते.
सिव्हिलच्या डॉक्टरांनी तपासून
अभिप्राय राखून ठेवला.

संध्याकाळची गिनती जुळेना.
बराकीत एक कमी,
कोठी धरली तर बेरजेत एक जास्त.
घोडविंदे पुन्हा मोजून आला.
साहेब, एक वाढतो.
थांबला.
एक वाढते.
मग टोपी काढून, डोकं खाजवत,
भिंतीला सांगावं तसं,
एक वाढतंय.
एकोणीस दिवस आम्ही रोज दोनदा मोजत होतो
आणि जेवण तिला सगळ्यांत शेवटी,
गार.

जामीन झाला. मी पाकीट उघडलं.
तिने टेबलावर मोजल्या.
बारा होत्या.
मी खाली बघून म्हणालो, एक वाढली.
ती हसली नाही.
हात सुजलेले, बांगड्या चढेनात,
रुमालात बांधल्या, दोन गाठी.

सुटकेच्या रजिस्टरात सही करायची
ऊर्फच्या अलीकडच्या नावाची.
तिने पलीकडच्या नावाची केली, सावकाश,
शाळेत बऱ्यापैकी शिकलेल्या हाताने.
मी चालणार नाही म्हणायला हवं होतं.
जागा अपुरी पडली,
शेवटच्या तीची वेलांटी
शेजारच्या रकान्यात गेली,
माझ्या पु वरून.

ऑडिट दोनदा येऊन गेलं.
मग मी रिटायर झालो.