ऑग्डनबाईंच्या बाजूचा गोल

आता गादीची खुर्ची आहे, हाताशी कप ठेवायला भोक.
पलीकडचा पोरगा, गळ्यात कोरा निळा मफलर,
विचारतो, "तुम्ही कधीपासून येता?"
मी बोटांवर मोजायला घेतो
आणि सोडून देतो.

एकाहत्तर साल, नोव्हेंबर.
इचलकरंजीचे माग सोडून ब्रॅकनशॉच्या मागांवर आलो होतो.
तोच खडखडाट, तीच कानात कापसाची बोळी,
फक्त मुकादम गोरा.
शेजारच्या मागावर क्लिफर्ड एन्टविसल.
तिथे सगळे ओठांनी बोलायचे, आवाज कुणालाच पुरत नसे,
म्हणून इंग्रजी मला आधी दिसली,
ऐकू फार नंतर आली.
त्याचे ओठ म्हणाले, शनिवारी चल.
गेलो.
सहा-शून्य हरलो.

हरलो. बघा,
पहिल्याच दिवशी "हरले" म्हणालो नाही.

पायऱ्या कसल्या, कोळशाची राख चेपून केलेला उतार,
वर अर्धाच पत्रा, तो नेमका आमच्यावर गळणारा.
क्लिफर्ड म्हणाला, पाय खातोस का?
मी दचकलो. त्याने कागदातून गरम पाय काढला,
आत मांस आहे कळल्यावर मी मान हलवली
तर त्याने वरचं झाकण अलगद सोडवून मला दिलं.
पुढे प्रत्येक शनिवारी तसंच.
झाकण माझं, आतलं त्याचं.

गोलकीपर नॉर्मन क्रॉशॉ पहाटे दूध टाकायचा.
बॉल हातातून सुटला की मागून कुणीतरी हमखास,
"नॉर्मन, बाटली असती तर धरली असतीस!"
आणि नॉर्मन वळून हसायचा,
तेवढ्यात दुसरा गोल.

आणि ऑग्डनबाई.
उत्तरेच्या गोलमागे भिंत, भिंतीमागे त्यांची दोरी.
एका शनिवारी चिखलाचा बॉल सरळ धुतलेल्या चादरीवर.
बाईंनी बॉल आत नेला, दाराला कडी.
दुसरा बॉल क्लबकडे नव्हता.
अकरा मिनिटं खेळ थांबला,
कॅप्टन टोपी नसलेल्या डोक्यावरून हात फिरवत
त्यांच्या दारात उभा, आणि आम्ही तीनशेजण
श्वास रोखून. तेवढं कुठल्या पेनल्टीला रोखला नाही.
बॉल परत आला तो पुसलेला.
त्या दिवसापासून ती ऑग्डनबाईंची बाजू.

गिरणी बंद पडली. पगाराच्या पाकिटात चिठ्ठी आली.
क्लब विकायला निघाला तेव्हा क्लिफर्ड
बादली घेऊन बाजारात उभा राहिला, बेकार माणूस,
बादलीत पहिलं नाणं स्वतःचंच टाकून,
म्हणजे वाजेल.

पैसेवाले मालक आले ते पार नंतर. भिंत गेली,
ऑग्डनबाईंचं घर गेलं. बाई त्याआधीच गेल्या होत्या.
दोरी होती तिथे आता काचेची खोली आहे,
आत लोक खेळाकडे पाठ करून जेवतात.

आज कप जिंकला. एक्याण्णवाव्या मिनिटाला,
त्याच बाजूला. सगळं स्टेडियम उभं राहिलं,
कोरा मफलर माझ्या गळ्यात पडून रडला
आणि मी त्याच्या पाठीवर थापट्या मारत
का कोण जाणे चादरीचा विचार करत होतो.

क्लिफर्ड बसूनच.
ग्लेनिस त्याला आश्रमातून आणते, गुडघ्यांवर घोंगडी.
दोन वर्षं झाली, त्याला सालं कळत नाहीत.
एवढ्या गदारोळात त्याने माझी बाही ओढली.
ऐकू येणं शक्यच नव्हतं.
मी ओठांकडे पाहिलं.

"कितीने हरलो?"

वर कागदाचे निळे तुकडे उडत होते.
मी ओठ सावकाश हलवले,
गिरणीतल्यासारखे,
"एकानेच."

तो विचारात पडला. मग चेहरा उजळला.
"म्हणजे बरं खेळलो की आपण,"
म्हणाला, आणि घोंगडीखालून
कागदात गुंडाळलेलं
झाकण पुढे केलं.