किती देते

ग्लोव्ह बॉक्समध्ये, पीयूसीच्या खाली, शंभरपानी वही.
पहिल्या पानावर श्रीरंगचं अक्षर, तेव्हाचं, ताठ:
टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल. अंदाज चालणार नाही.

शहाण्णवचं मॉडेल, पांढरी. अठरा पूर्णांक सहा.
नेरूळ ते महापे, कंपनीचा गेट, आणि परत.
उतार आला की हा गाडी न्यूट्रलला टाकायचा,
दुकानदारानं तराजूला हळूच बोट लावावं तशी.

दोन हजार चारचं मॉडेल, चंदेरी. सतरा पूर्णांक दोन.
समासात: हवा कमी? प्लग?
खालच्या ओळीत: एसी, सात मिनिटं.
ती सात मिनिटं मला आठवतात.
मे महिना, मांडीवर तापानं फणफणलेली ऋजुता,
वाशीचा दवाखाना येता येत नव्हता.
बटण त्यानंच दाबलं होतं.
तरी लिहून ठेवलं.

तिसऱ्या मजल्यावर खोब्रागडे. हीच गाडी, एक वर्ष नवी.
जिन्यात, पार्किंगमध्ये, एकदा तर मयताला जमलो तेव्हासुद्धा:
"तुमची किती देते?"
"सतरा. तुमची?"
"एकोणीस देते हो, आरामात."
त्या रात्री हा कूस बदलत राहिला.
मी पोळपाट धुताना म्हटलं,
गाडीला निदान विचारतात तरी.

बाराचं मॉडेल, लाल. कंपनी म्हणते बावीस पूर्णांक सात.
कंपनीच्या रस्त्यावर तुर्भे नाका नसतो,
जेएनपीटीला निघालेले कंटेनर नसतात,
मागच्या सीटवर सासूबाई आणि त्यांचा पाच किलो गूळ नसतो.
वहीत सोळा. सोळा. पंधरा पूर्णांक नऊ.
मग अक्षर ओळ सोडून चालायला लागलं.

काचबिंदूनं याची नजर कडेकडेनं खाल्ली
आणि त्रेपन्नाव्या वर्षी चावी माझ्याकडे आली.
ड्रायव्हिंग स्कूलची पोरगी म्हणाली,
काकू, क्लच म्हणजे पायाखालची उशी नव्हे.
पहिला महिना बारा पूर्णांक एक.
"बारा? बारा तर टेम्पो देतो," खुर्चीतून आवाज.

परवा पाम बीच रोड. काचा बंद, एसी तीनवर.
हा शेजारी, न दिसणाऱ्या काट्याकडे तोंड करून:
"इंजिन रडतंय. चौथा टाक."
टाकला.
सिग्नलला उगाचच करावे गावाकडे वळले.
तिसऱ्या ताज्या होत्या, घासाघीस केली नाही.

पंपावर मात्र त्याचीच शिस्त:
नोझल आपोआप थांबलं की थांब रे बाबा, वर थेंब नको.
बॉनेटवर वही ठेवून भागाकार केला.
तेरा पूर्णांक आठ.
आणि समासात, त्याला ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणत:
एसी, पूर्ण वेळ. तिसऱ्या, दोन वाटे.

तो थोडा वेळ गप्प.
मागच्या रिक्षानं हॉर्न दिला.
मग पट्टा लावत म्हणाला,
"खोब्रागड्यांना पंधरा सांग."