पाचवा ऋतू

इथे ऋतू पाच, हेल्दूर म्हणतो,
आणि पाचवा कॅलेंडर बघत नाही.
बर्फ वितळलं की नदी एका रात्रीत
कुंपण ओलांडून येते,
पायरीशी जरा घुटमळते, मग तीही चढते.

तेव्हा तो गोठ्यामागची होडी काढतो,
अस्पेनच्या अख्ख्या खोडातून बापाने कोरलेली,
डावीकडे किंचित कललेली, बापासारखीच.
बटाट्यांच्या वाफ्यांवरून, पत्रपेटीला वळसा घालून
आम्ही वल्हवत शिरतो भूर्जांच्या रानात.
खाली तळाशी रस्ता दिसतो.
‘वेग कमी करा’ ही पाटी गळ्यापर्यंत पाण्यात.
आम्ही कमी करतो.

उन्हाळ्यात दलदलीच्या काळ्या डोहात पोहणं असतं,
डासांना रक्ताचा हप्ता देऊन.
शरदात क्रॅनबेऱ्या, ओणवं राहून कंबरेचा काटा ढिला.
हिवाळ्यात गोठलेल्या त्याच नदीवर स्की,
श्वासांच्या वाफा आमच्या पुढे पुढे.
पण हे सगळं त्याच्या लेखी
नुसतं वाट बघणं.

यंदा बर्फ धड पडलंच नाही.
मार्च गेला, एप्रिल निम्मा सरला,
नदी आपल्या पात्रात, शहाण्यासारखी.
लाकूड तडकू नये म्हणून
विहिरीचं पाणी बादलीबादलीने
मी होडीतच ओतत होते,
तर हा गमबूट चढवून आला,
आत बसला, घोटाभर पाण्यात पाय सोडून,
वल्हं मांडीवर आडवं.
कोंबड्या जरा लांब झाल्या.

‘बस ना,’ म्हणाला, ‘पुढची बाजू तुझी.’