नऊ नंबरची घंटा

ब्रिडलिंग्टनच्या किनाऱ्यावरच्या या वृद्धाश्रमात
नऊ नंबर म्हणजे शहाणी खोली, असं आम्ही म्हणायचो.
डोरीन सग्डेन. कधी घंटा दाबली नाही तिनं,
चहा गार आला तरी.

जानेवारीत आधी मला सुटली खाज.
बोटांच्या बेचक्यांत, मनगटाशी,
रात्री पांघरुणात ऊब धरली की जास्तच.
मग मेरिबेलला, मग स्वयंपाकघरातल्या कॉलमला,
मग चार नंबरच्या मास्तरांना,
ते इतके ओरबाडायचे की अभ्र्यावर रक्ताचे ठिपके.
मॅनेजर म्हणाली, हीटरनं सुकते कातडी, हिवाळा आहे.
मिसेस सग्डेनना बघा,
त्यांची आहे का काही तक्रार?

खाजवून खरूज काढू नये, आई म्हणायची,
ते भांडणांबद्दल.
खऱ्या खरजेला मात्र गंधकाचं मलम,
मिरजेला, मिशन हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये,
आम्हा तिघांना उघडं उभं करून, थोरलीपासून ओळीनं.
शेजारीण नाक मुरडून खिडकी लावून घ्यायची.
तो वास इथं, लॅव्हेंडरच्या फवाऱ्याखाली
अचानक आठवला,
आणि मी नऊ नंबरचे लोकरी हातमोजे काढले.

खपल्या. थरावर थर,
तिच्या नवऱ्याच्या लॉब्स्टरच्या होडीला
बुडाशी समुद्र चढवत असेल तशी करडी पुटं.
नखांखाली पिठासारखा भुगा.
दुखतं? नाही.
खाजतं? नाही गं, लव्ह.

हलहून डॉक्टर अडेयिंका आल्या.
चिमूटभर भुगा काचेवर घेतला, भिंगाखाली सरकवला,
मला म्हणाल्या, ये, बघ.
गर्दी होती.

तुझ्या अंगावर किती असतील, सांग?
शेकडो, मी म्हटलं.
दहा. फार तर पंधरा.

दहा किड्यांपायी मी दीड महिना झोपले नव्हते!

किडा नाही खाजवत, त्या म्हणाल्या,
खाजवतं तुझं तुलाच.
पहिल्या खेपेला शरीराला ओळखायला महिना लागतो,
दुसऱ्या खेपेला एखादा दिवस पुरतो.
पेशी पेशीला निरोप धाडते,
त्या निरोपांना इंटरल्यूकिन म्हणतात,
नावं नाहीत, नुसते नंबर
(आमच्या खोल्यांसारखे, मी मनात म्हटलं):
चार, तेरा, सतरा.
एकतीस नंबर थेट मज्जातंतूशी जाऊन सांगतो, खाजव.
झोपू नकोस. कुणीतरी घरात शिरलंय.

आणि हिच्या अंगावर?
लाखांत.
निरोप हिच्याही अंगात चाललेत, उलट जास्तच,
रक्ताचा रिपोर्ट नुसता आरडाओरडा करतोय.
पण चुकीच्या दाराशी.
शत्रूला आवरणारे जिथं बसलेत
तिथं कडी वाजतच नाही.
का?
वय. दम्याच्या स्टेरॉइडच्या गोळ्या. आणखी काहीतरी.
त्यांनी खांदे उडवले:
खरं सांगू, नीटसं कुणालाच माहीत नाही.
मला ते उत्तर आवडलं.

एका रात्रीत चौतीस जणांना मलम.
साठ अंशांवर चादरी, चादरी, चादरी,
वॉशिंग मशीन घसा बसेपर्यंत बोलत राहिलं.
डोरीनच्या टाळूला, कानामागं, तळव्यांना
मी पुन्हा पुन्हा मलम चोळत होते.
पुटं मऊ होऊन टॉवेलवर गळत होती, खालून गुलाबी बोटं.
म्हणजे हे सगळ्यांना माझ्यापासून लागलं का?
तिनं विचारलं.
पुढचा हात द्या, मी म्हटलं.

तिसऱ्या आठवड्यात, रात्री तीनला,
बोर्डावर नऊचा दिवा लागला.
मेरिबेलनं माझ्याकडं बघितलं.
आमच्या धंद्यात अशा वेळी एकच गोष्ट मनात येते.
मी धावले.

ती बसली होती, केस पिंजारलेले,
मनगट करकरा खाजवत,
रागानं लालबुंद.
केव्हाची दाबतेय घंटा, ती म्हणाली, खाजतंय इथं.
आणि काल चहासुद्धा गार होता.