के

अकिताच्या डोंगरात जेवायला बोलावताना
एकच अक्षर म्हणतात : के.
म्हणजे खा.
खाणारा म्हणतो : कू.
म्हणजे खातो.
थंडी इतकी, की याहून मोठं तोंड उघडलं
तर आत बर्फ शिरतो,
असं आम्ही पाहुण्यांना सांगतो.
खरं कारण मला माहीत नाही.

मी आरोग्य खात्याचा माणूस.
त्या नोव्हेंबरात माझ्या यादीत तेवीस नावं होती,
धुराच्या तेवीस झोपड्या,
आणि काखेत नवा कायदा :
बोटांनी पिळावा न लागणारा नळ,
धुता येईल अशी भिंत,
लोणच्याची खोली वेगळी, राहतं घर वेगळं.

सतरावं नाव इशिझावा सुए. वय चौऱ्याऐंशी.
मुळे दोरीत ओवून आढ्याला टांगलेले,
तीनशेच्या आसपास,
खाली चेरीची नि ओकची लाकडं,
ज्वाळा नाही, नुसती धुमसण.
इथे मुळा उन्हात वाळेपर्यंत ऊनच उरत नाही.
म्हणून कुणीतरी कधीतरी तो चुलीवर टांगला
आणि अडचणीलाच चव आली.
चार दिवस, चार रात्री.
रात्री दोनदा उठून ती लाकूड फिरवते.
मग पिंपात तांदळाचा कोंडा, मीठ, थोडी साखर, वर दगड.
कोंड्याचा मांडा म्हणतात तो हाच असावा.
आणि पुढे मुरणं,
ज्यात माणसाचं काही काम नसतं.

मी टोकियोच्या भाषेत बोलत होतो,
कागदावर ती नीट बसते.
"भिंतीला काजळी आहे."
"माझ्या लग्नाआधीची. सासूनेही धुतली नव्हती."
"नळ पिळायचा आहे."
"नवा सगळा घाट केवढ्याला?"
मी आकडा सांगितला.
तिने मुळ्यांकडे पाहिलं. ओठ हलले, थांबले.
"चौऱ्याऐंशीत अकरा हिवाळे मिळवले तर?"
"पंच्याण्णव."
"मग राहू दे."

आत गेली. बशी घेऊन आली.
गेल्या वर्षीच्या पिंपाच्या तळाच्या चकत्या,
कडेला तपकिरी, मध्ये मधाच्या रंगाच्या.
"के."

कामावर असताना कुणाचं काही खायचं नाही,
हाही एक नियमच.
तोंड उघडलं ते नाही म्हणायला.
निघालं : कू.

अशा वेळी म्हणे आई आठवते.
मला आठवला शेजारचा होरिए,
जो गाक्को चावताना असा कडाकडा आवाज करायचा
की रेडिओवरची बेसबॉलची धाव
आमच्या घरात कधी पुरी ऐकूच आली नाही.
तो कुठे असतो आता, कोण जाणे.
मी दुसरी चकती उचलली. तिसरीही.

"विकायचं नाही, समजलं," ती म्हणाली.
"वाटायला परवाना लागतो?"

मी पुस्तक चाळलं. मागून पुढे, पुढून मागे.
सदतिसाव्या पानावर माझ्या अंगठ्याचा
धुरकट ठसा उठला, अजून आहे.
"वाटण्याबद्दल काही लिहिलेलं नाही."

"विसरले असतील," ती म्हणाली,
आणि लाकूड फिरवायला वाकली.

मी शिक्का मारला : विक्री बंद.
शाई थंडीने घट्ट झाली होती,
दोनदा मारावा लागला.

अठरावं घर ओढ्यापलीकडे.
बर्फ भुरभुरू लागलं होतं.
मी ओळखपत्र काढायच्या आत
दारातल्या बाईने माझ्या कोटाचा वास घेतला.
"सुएकडे खाऊन आलास."
मी गप्प.
"तिचं लाकूड ओलं असतं. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

पिंपाचं झाकण सरकल्याचा आवाज आला.
माझ्या हातात फॉर्म, पेन, शिक्का,
मला तिसरा हात नव्हता.

"के."