याचा खर्ज गेलाय

लाल-पांढरा डबा. क्योटोतल्या एका पत्ते छापणाऱ्या कंपनीनं
त्र्याऐंशी साली काढला म्हणे.
मिरजेत आला तो त्याचा चुलत-चुलत भाऊ,
तैवानात कुणीतरी हुबेहूब उतरवलेला,
महालक्ष्मी एक्स्प्रेसनं, बनियनच्या गठ्ठ्यात लपून.

यासीन सतारमेकरनं तो बापाच्या दुकानामागं मांडला.
तासाला तीन रुपये.
वर दोरीला भोपळे वाळत टांगलेले,
खाली आम्ही चौघं, मांडी घालून.
टीव्हीवर आधी मुंग्या,
मग मुंग्यांतून हळूहळू एक भिंत, एक ढग,
एक रणगाडा.

कॅसेटवर छापलं होतं : नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव खेळ.
सुकुमार चौगुलेनं वहीत मोजले. व्यापाऱ्याचं पोर.
एकवीस भरले.
बाकीचे तेच, रणगाड्याचा रंग तेवढा बदलून.
"हिशेबात गडबड आहे," म्हणाला,
आणि खेळत राहिला.

कॅसेट लागली नाही की आम्ही तिच्यात फुंकर मारायचो.
बाहेर गफूरचाचाही फुंकत असत,
घोडीवरचा हाडाचा भुगा.
मधे एक पडदा.

डब्याला काही लक्षात राहायचं नाही.
वीज गेली की सातव्या टप्प्यावरचा माणूस
पुन्हा पहिल्यावर, तीन जीव घेऊन, कोरा.
आणि वीज तर रोज जायची.
पहिला टप्पा आम्हाला झोपेतही यायचा.

चाचा आत येत नसत.
"काय ही पिपाणी," पडद्याआडून एवढंच.
एका गुरुवारी आले. हातात कानस तशीच.
टीव्हीला कान लावला, भोपळ्याला लावत तसा.
वाटलं, आता बंद करणार.
"याचा खर्ज गेलाय," म्हणाले.

आम्हाला कुठला खर्ज.
आम्हाला एवढंच कळलं होतं की दोन दिवस
बंदुकीचा आवाज येत नाही.
"चौघं बोलायचे आत.
दोन नाकात गाणारे, ते आहेत.
एक खालचा, गोल गळ्याचा, तो गेला.
एक नुसता खोकायचा, तोही गेला.
त्याचं मला काही नाही."

यासीननं स्क्रू काढले.
हिरवी पाटी, तिच्यावर गोमेसारखी चीप,
एका पायाचा डाख सुटलेला.
खर्ज आणि खोकला, दोघं त्याच पायावर उभे.
त्यानं डाख दिला, बटण दाबलं,
आणि मी पहिल्यांदा ऐकला
वर्षभर ज्याच्यावर उड्या मारल्या तो आवाज.
जमीन होती ती.

चाचा "हं" म्हणाले, बाहेर गेले.
पडदा मात्र ओढला नाही.

आता माझ्या पोरीच्या फोनमध्ये तो अख्खा डबा मावतो,
सगळे खेळ, आणि खरंच वेगवेगळे,
तिच्या वाढदिवसाच्या फोटोंपेक्षा कमी जागेत.
कुठंही थांबावं, तिथूनच उठावं.
तीन जीव म्हणजे काय हे तिला सांगताना
मी अडखळलो. तिनं विचारलं,
"तीनच का?"

मूळ डबा यासीनकडं आहे. तंबाखू खाणाऱ्याच्या दातांइतका पिवळा.
तडा गेलेल्या अर्ध्या भोपळ्यात ठेवलाय,
सोबत खुंट्या, तुटक्या तारा, सरसाची वाटी.

जाता जाता म्हणाला,
"त्या वर्षी अब्बांनी एक तंबोरा केला.
खर्जाची जवारी लागेना. आठ दिवस.
एका रात्री मला उठवलं, म्हणाले, तुझं ते लाव.
लढाई नको. नुसता पहिला टप्पा.
माणूस उभा राहू दे."

माणूस उभा राहिला.
त्याच्या पायाखाली तो गोल आवाज फिरत राहिला,
आणि चाचा घोडीवरचा दोरा
केसभर इकडं, केसभर तिकडं.

तंबोरा धारवाडच्या एका बाईंनी नेला.
बाई अजून गातात.
त्यांना कुणी सांगितलेलं नाही.